जेटसनच्या कंटेनरमध्ये कंपनीचा रेपो: आत काय घ्यायचं, होस्टवर काय ठेवायचं

खानापूरच्या एका मित्राने विचारलंय. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कास्टिंगवरचे ब्लोहोल (ओतकामात राहिलेली हवेची भोकं) कॅमेऱ्याने ओळखायचे आहेत. जेटसन नॅनो हा एनव्हिडियाचा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड आहे, त्यावर जेटपॅक ४.६.१ (एनव्हिडियाचा सॉफ्टवेअर संच) आहे, आणि आपलं सगळं सॉफ्टवेअर डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सिस्टमपासून (तिला होस्ट म्हणतात) वेगळ्या डब्यात ठेवायचं ठरलंय. साध्या उबुंटू १८.०४ च्या इमेजमध्ये (कंटेनरच्या साच्यात) एनव्हिडियाचा एप्ट रेपो, म्हणजे पॅकेजेस उतरवायचं भांडार, जोडला, तर आधी सर्टिफिकेटची तक्रार आली आणि मग ‘नो पबकी’. कुणाच्या तरी सांगण्यावरून रेपोच्या ओळीत ‘ट्रस्टेड=येस’ (म्हणजे सही न तपासता विश्वास ठेव) घातलं, तेव्हा यादी उतरली; पण इन्स्टॉल करायला गेल्यावर ‘एनव्हिडिया-एल४टी-कोर’ या पॅकेजवर गाडी अडली (एल४टी म्हणजे जेटसनसाठीचं एनव्हिडियाचं लिनक्स). तेच पॅकेज होस्टवर मुकाट बसलेलं आहे. शिवाय निपाणीच्या एका तंबाखू वखारीत पोती मोजायला रास्पबेरी पाय ४ हा दुसरा छोटा बोर्ड लावलाय, त्याच्या कंटेनरमध्ये एप्ट अपडेटच होत नाही. आणि शेवटचा प्रश्न: नॅनोचा होस्टच उबुंटू २०.०४ वर नेऊ का?

फोनवरून देवनागरीतच लिहितोय, तेव्हा कमांड जशा बोलतो तशा लिहिल्यात. टाईप करताना नेहमीसारख्या करा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुमच्या चारही अडचणी तिथूनच निघाल्यात. रेपो जोडणं दोन ओळींचं काम आहे. त्या रेपोतलं कुठलं पॅकेज कंटेनरमध्ये येऊच द्यायचं नाही, हे ठरवणं खरं काम. साध्या पीसीवर हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे कंटेनरमध्ये काय टाकलं याच्याशी मदरबोर्डला देणंघेणं नसतं. जेटसन किंवा पायसारख्या बोर्डावर मात्र कंपनीच्या रेपोत दोन जातींची पॅकेजेस एकत्र असतात. एक, नुसत्या लायब्रऱ्या: कुडा (जीपीयूवर काम करवणारी), टेन्सरआरटी (मॉडेल वेगाने चालवणारी), ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी). दुसरी, बोर्डाला चिकटलेली: कर्नल (सिस्टमचा गाभा), बूटलोडर, डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरची यादी), ड्रायव्हरच्या लायब्रऱ्या. कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतं, तो होस्टचंच वापरतो. मग दुसऱ्या जातीचं पॅकेज आत बसवून करणार काय? बसलं तरी उपयोग शून्य, आणि अर्धवट बसलं तर होस्टच्या ड्रायव्हरशी आवृत्ती जुळत नाही आणि भलत्याच ठिकाणी क्रॅश होतो.

आता तुमच्या जेटपॅक ४ कडे वळू, कारण त्याची एक खास तऱ्हा आहे आणि ती माहीत नसल्यामुळे बरेच जण अडकतात. जेटपॅक ४ मध्ये कुडा, कुडीएनएन, टेन्सरआरटी कंटेनरमध्ये इन्स्टॉल करायचंच नसतं. एनव्हिडियाचा कंटेनर रनटाइम (कंटेनर चालवणारा भाग) ते होस्टवरून आत माउंट करतो, म्हणजे जोडून दाखवतो. काय काय माउंट करायचं त्याची यादी होस्टवर /इटीसी/एनव्हिडिया-कंटेनर-रनटाइम/होस्ट-फाइल्स-फॉर-कंटेनर.डी या फोल्डरात सीएसव्ही फायलींमध्ये लिहिलेली असते. एल४टी.सीएसव्ही, कुडा.सीएसव्ही, कुडीएनएन.सीएसव्ही, टेन्सरआरटी.सीएसव्ही अशी नावं दिसतील. एकदा उघडून बघाच. ‘लिब’, ‘डिर’, ‘सिम’, ‘डेव्ह’ असे शब्द आणि पुढे पाथ, इतकी साधी यादी आहे. ती वाचली की कंटेनरमध्ये काय फुकट मिळतंय ते कळतं, आणि निम्मी पॅकेजेस तुमच्या डॉकरफाईलमधून (इमेज बनवायच्या कृतीतून) आपोआप गळतात.

जेटपॅक ५ पासून ही रीत बदलली. तिथे कुडा वगैरे कंटेनरच्या इमेजमध्येच असतं आणि होस्टवरून फक्त ड्रायव्हरच्या पातळीवरच्या लायब्रऱ्या येतात. म्हणून इंटरनेटवर सापडलेली डॉकरफाईल कुठल्या जेटपॅकसाठी लिहिलीय हे न बघता उचलली, की ठेच लागणारच. ओरिन या नव्या जेटसन बोर्डासाठी लिहिलेली कृती नॅनोवर चालत नाही, नॅनोची ओरिनवर नाही. होस्टवर /इटीसी/एनव्ही_टेग्रा_रिलीज ही फाईल कॅट करा. पहिल्याच ओळीत ‘आर३२’, ‘रिव्हिजन: ७.१’ असं दिसलं पाहिजे; जेटपॅक ४.६.१ म्हणजे एल४टी ३२.७.१. या आकड्याला धरूनच पुढचं सगळं. आर३२ म्हणजे उबुंटू १८.०४, आर३५ म्हणजे २०.०४, आर३६ म्हणजे २२.०४.

मग तुम्हाला रेपो लागतोच कशाला? लागतो. ओपनसीव्हीचंच घ्या, ते त्या सीएसव्ही याद्यांमध्ये नाही. उबुंटू १८.०४ चं स्वतःचं ओपनसीव्ही ३.२ आहे, एनव्हिडियाच्या रेपोत ४.१.१ आहे. ब्लोहोल शोधणाऱ्या कोडला चारची आवृत्ती हवी असेल तर रेपो जोडणं बरोबर आहे. फक्त एक लक्षात असू द्या, हे ४.१.१ कुडा न घालता बांधलेलं आहे. जीपीयूवर चालणारं ओपनसीव्ही हवं असेल तर सोर्सवरून कंपाइल करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि नॅनोवर त्याला काही तास लागतात. तुमच्या कामात मॉडेल टेन्सरआरटीवर चालणार असेल आणि ओपनसीव्ही फक्त फ्रेम कापायला-फिरवायला असेल, तर रेपोतलं पुरे. उगीच रात्र जागवू नका.

रेपो जोडायचा क्रम आता. उबुंटूच्या मूळ इमेजमध्ये ‘सीए-सर्टिफिकेट्स’ पॅकेज नसतं. एनव्हिडियाचा रेपो एचटीटीपीएसवर आहे. म्हणजे रेपोची ओळ आधी घातली आणि मग अपडेट चालवलं, तर सर्टिफिकेट ओळखीचं नाही म्हणून एप्ट हात वर करणार. पहिली तक्रार तीच होती. उबुंटूचे स्वतःचे रेपो साध्या एचटीटीपीवर चालतात, तेव्हा पहिल्यांदा नुसत्या उबुंटूवर अपडेट करून सीए-सर्टिफिकेट्स बसवा, आणि त्यानंतरच कंपनीची ओळ घाला. सर्टिफिकेटची तपासणी बंद करणारा पर्याय एप्टमध्ये आहे. तो मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

रेपोची ओळ गुगलवर शोधू नका. ती तुमच्याच बोर्डावर आहे. होस्टच्या /इटीसी/एप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी मध्ये ‘एनव्हिडिया-एल४टी-एप्ट-सोर्स.लिस्ट’ नावाची फाईल असते. तिच्यात दोन ओळी दिसतील:

डेब एचटीटीपीएस://रेपो.डाउनलोड.एनव्हिडिया.कॉम/जेटसन/कॉमन आर३२.७ मेन
डेब एचटीटीपीएस://रेपो.डाउनलोड.एनव्हिडिया.कॉम/जेटसन/टी२१० आर३२.७ मेन

‘टी२१०’ ही नॅनोची चिप. झेवियरला तिथे टी१९४ असतं, ओरिनला टी२३४. या दोन ओळींतला फरक तुमच्या तिसऱ्या अडचणीचं उत्तर आहे. ‘कॉमन’मध्ये कुडा, टेन्सरआरटी, ओपनसीव्ही असं सर्व बोर्डांना चालणारं सामान. ‘टी२१०’मध्ये नॅनोच्या चिपची पॅकेजेस, म्हणजे कर्नल, बूटलोडर आणि एनव्हिडिया-एल४टी ने सुरू होणारी मंडळी. कंटेनरमध्ये पहिली ओळ ठेवा, दुसरी घेऊ नका. बहुतेक वेळा तेवढ्यानेच एल४टी-कोरचं भांडण मिटतं. ‘एनव्हिडिया-जेटपॅक’ हे सगळं ओढून आणणारं मेटापॅकेज मात्र कंटेनरमध्ये कधीही मागू नका. ते गाडीभर सामान आणतं, आणि त्यातलं बरंचसं होस्टवर आधीच आहे.

आता ती ‘नो पबकी’. तिचा अर्थ इतकाच, की यादीवर सही आहे, पण ती कोणाची हे तपासायला लागणारी पब्लिक की कंटेनरमध्ये नाही. ही कीसुद्धा होस्टवर पडलेली आहे: /इटीसी/एप्ट/ट्रस्टेड.जीपीजी.डी मध्ये ‘जेटसन-ओटीए-पब्लिक.एएससी’. ती फाईल डॉकरफाईलशेजारी आणून ठेवा आणि कॉपी करून कंटेनरमध्ये त्याच जागी टाका. ‘एप्ट-की ॲड’ची गरज नाही. ती कमांड केव्हाच मोडीत निघालीय, डेबियन १३ मध्ये तर ती काढूनच टाकलीय, आणि १८.०४ च्या छोट्या इमेजमध्ये तिला लागणारं जीएनयूपीजी नसतं, म्हणून तिथेही रडते. नुसती फाईल ठेवलीत तर सही तपासायला लागणारं जीपीजीव्ही इमेजमध्ये असतंच.

इथे दोन बारीक जागा आहेत, आणि त्या दोन्ही ठिकाणी माणसं तासन्‌तास घालवतात. पहिली, फाईलचं शेपूट. अक्षरांत लिहिलेली की, म्हणजे उघडल्यावर ‘बिगिन पीजीपी पब्लिक की ब्लॉक’ दिसतं ती, तिला .एएससी लावायचं, बायनरी असेल तर .जीपीजी. उलटसुलट झालं की एप्ट ती फाईल बाजूला सारतो आणि पुन्हा नो पबकीच दाखवतो. दुसरी, परवानगी. एप्ट डाउनलोड आणि तपासणी ‘_एप्ट’ नावाच्या वेगळ्या युजरकडून करून घेतो. तुमच्या लॅपटॉपवर ती फाईल ६०० परवानगीची असेल तर कॉपी होताना तशीच कंटेनरमध्ये जाते, आणि रूटला वाचता आली तरी _एप्टला येत नाही. नीट वाचलंत तर वर एक इशारा आलेला असतो, की अमुक फाईल ‘_एप्ट’ला वाचता येत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पण लाल अक्षरात खाली नो पबकी असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. ६४४ करा, विषय संपला.

नव्या इमेजमध्ये, म्हणजे २२.०४ किंवा डेबियन १२ वर, की सरसकट ट्रस्टेड.जीपीजी.डी मध्ये ठेवू नका. तिथे ठेवलेली की एप्टला सगळ्याच रेपोंसाठी चालते. म्हणजे एका कंपनीच्या कीने उबुंटूच्या नावाचं पॅकेजही खरं ठरू शकतं. त्यापेक्षा /इटीसी/एप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवून ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहा, म्हणजे ती की त्या एकाच रेपोपुरती राहते.

‘ट्रस्टेड=येस’ मात्र आजच काढा. त्याने कीचा प्रश्न सुटत नाही, फक्त विचारणं बंद होतं. फाउंड्रीत धातूचं टेस्ट सर्टिफिकेट बघितल्याशिवाय माल आत घेत नाहीत, आणि त्याच फाउंड्रीच्या मशीनवर रूटच्या अधिकाराने चालणारं पॅकेज बिनसहीचं? काही जण म्हणतात, एचटीटीपीएस आहे ना, मग भीती कसली. एचटीटीपीएसने वाट सुरक्षित होते. सर्व्हरवर ठेवलेला माल कोणाचा ते सहीच सांगते.

कीच्या बाबतीत आणखी एक. कंपन्या की बदलतात, आणि की मुदतबाहेरही जाते. २०२२ च्या एप्रिलमध्ये एनव्हिडियाने पीसीवरच्या कुडा रेपोची की बदलली तेव्हा जगभरच्या डॉकरफाईल एका दिवसात मोडल्या. आरओएस या रोबोटिक्स सॉफ्टवेअरच्या रेपोची की २०२१ मध्ये संपली तेव्हाही तेच. तुमच्या इमेजमध्ये की गोठवलेली असते, म्हणून चाललेला कंटेनर चालत राहतो, पण नवा बिल्ड अडतो. अशा वेळी घाईने ट्रस्टेड=येस घालायचा मोह होतो. कंपनीने नवी की जाहीर केलेली असते, तिचा फिंगरप्रिंट जुळवा आणि फाईल बदला.

एल४टी-कोर का अडलं तेही सांगतो, कारण कधीतरी खरंच त्यातली एखादी हेडर किंवा लायब्ररी लागते. या पॅकेजचा बसण्याआधीचा स्क्रिप्ट आपण कुठल्या बोर्डावर आहोत ते तपासतो, प्रॉकमधल्या डिव्हाइस ट्रीतून नाव वाचतो, कारण पुढे बूट फर्मवेअर बदलायचं असतं. कंटेनरमध्ये, त्यातही लॅपटॉपवर क्यूईएमयूने (दुसऱ्या चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने) बिल्ड करताना, हे नाव मिळत नाही आणि स्क्रिप्ट थांबतो. थांबतो ते बरंच करतो. त्याला गप्प करायची एक युक्ती आहे: /ऑप्ट/एनव्हिडिया/एल४टी-पॅकेजेस या फोल्डरात ‘.एनव्ही-एल४टी-डिसेबल-बूट-एफडब्ल्यू-अपडेट-इन-प्रीइन्स्टॉल’ नावाची रिकामी फाईल टच करून ठेवायची, की तो फर्मवेअरच्या वाटेला जात नाही. कुठे सापडली तर ओळखता यावी म्हणून सांगितली. माझा कल मात्र दुसरीकडे आहे. ‘एप्ट-गेट डाउनलोड’ने पॅकेज नुसतं उतरवा, ‘डीपीकेजी -एक्स’ने एका रिकाम्या फोल्डरात उलगडा आणि हवी ती फाईल तेवढी उचला. यात स्क्रिप्ट चालतच नाही, आणि काय घेतलं ते तुमच्या डॉकरफाईलमध्ये लिहिलेलं राहतं. यासाठी टी२१० ची ओळ त्या एका पायरीपुरती घालून लगेच काढून टाकली तरी चालतं. डाउनलोड करताना ‘रूट म्हणून, सँडबॉक्सशिवाय’ असा इशारा येईल. तो निरुपद्रवी आहे.

चुकून ही पॅकेजेस आत येऊ नयेत म्हणून एक कुलूप घालून ठेवतो. कंटेनरमध्ये /इटीसी/एप्ट/प्रेफरन्सेस.डी मध्ये एक छोटी फाईल, तीन ओळींची: पॅकेज ‘एनव्हिडिया-एल४टी-*’, पिन ‘रिलीज *’, पिन-प्रायॉरिटी ‘-१’. मग एखादं पॅकेज गुपचूप एल४टी-कोर ओढायला लागलं की एप्ट तिथेच थांबून कोणाला काय हवंय ते स्पष्ट सांगतो. अर्धा तास चाललेला बिल्ड शेवटी फुटण्यापेक्षा हे बरं.

चालू कंटेनरच्या आत शिरून, म्हणजे एनव्हिडिया रनटाइमने सुरू केलेल्या कंटेनरमध्ये एप्ट इन्स्टॉल करायची सवय असेल तर ती सोडा. होस्टवरून माउंट झालेल्या फायलींवर डीपीकेजी लिहायला गेला की ‘इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक’ किंवा ‘रीड-ओन्ली फाईल सिस्टम’ म्हणून आपटतो. दोष पॅकेजचा नाही. डीपीकेजी जुन्या फाईलची हार्डलिंक करून बॅकअप ठेवायला बघतो, आणि माउंटच्या सीमेपलीकडे हार्डलिंक होत नाही.

याच माउंटचं आणखी एक पिल्लू आहे, आणि ते फार छळतं. बिल्ड करतानाच कुडा दिसावं म्हणून बरेच जण /इटीसी/डॉकर/डेमन.जेसन मध्ये ‘डिफॉल्ट-रनटाइम’ला एनव्हिडिया लिहितात. जेटपॅक ४ वर ते करावंच लागतं, कारण डॉकर बिल्डला रनटाइमचा वेगळा पर्याय देता येत नाही. पण बिल्ड संपल्यावर माउंट निघून जातात आणि त्या जागी शून्य बाइटच्या रिकाम्या फायली इमेजमध्ये उरतात. पुढे तीच इमेज कुणी एनव्हिडिया रनटाइमशिवाय चालवली की प्रोग्रॅम म्हणतो ‘फाईल टू शॉर्ट’. लायब्ररी सापडली नाही असं म्हणाला असता तर निदान दिशा कळली असती. हा निरोप दिसला की एलएस -एल करून आकार बघा. शून्य दिसला तर रेपोत किंवा पॅकेजमध्ये काही शोधत बसू नका, ‘--रनटाइम एनव्हिडिया’ राहिलंय.

होस्टवर मात्र एनव्हिडिया-एल४टी ची पॅकेजेस ‘एप्ट-मार्क होल्ड’ करून ठेवा. साइटवर कुणीतरी सहज एप्ट अपग्रेड मारतो, होस्टच्या लायब्रऱ्या पुढे सरकतात, आणि काल चालणारा कंटेनर आज चालत नाही. मग दोष तुमच्या कोडवर येतो.

आता निपाणीचा पाय. तुम्ही पाठवलेल्या आउटपुटमध्ये होस्ट ३२ बिटचा बस्टर (डेबियन १०) आहे आणि कंटेनर बुकवर्मचा (डेबियन १२). त्रुटी आहे ‘ॲट लीस्ट वन इनव्हॅलिड सिग्नेचर वॉज एन्काउंटर्ड’. दिसायला कीचा प्रश्न वाटतो, पण कीशी त्याचा संबंध नाही. त्या कंटेनरमध्ये नुसतं ‘डेट’ चालवा. तारीख भलतीच येईल. नव्या डेबियनची ३२ बिट सी-लायब्ररी वेळ विचारायला नवा ६४ बिट सिस्टम कॉल वापरते, होस्टवरच्या जुन्या लिबसेककॉम्पला (सिस्टम कॉल गाळणाऱ्या लायब्ररीला) तो कॉल माहीत नाही, म्हणून डॉकर तो अडवतो. वेळ कळली नाही की सहीची मुदतही तपासता येत नाही. इलाज होस्टवर आहे: लिबसेककॉम्प२ नवं करायचं, बस्टरसाठी ते बॅकपोर्ट्समध्ये होतं. कंटेनरमध्ये कितीही की बदला, काही होणार नाही. ‘--प्रिव्हिलेज्ड’ने चालतं असं कुणी सांगेल, आणि ते खरंही आहे, कारण तेव्हा सेककॉम्पच बंद होतो. पण बिल्डला ते लागू होत नाही.

याचंच एक साधं भावंड आहे. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वखारीत लाईट गेली, परत आली, आणि नेट यायला वेळ लागला, की बोर्ड जुन्याच तारखेत जागा होतो. मग एप्ट म्हणतो रिलीज फाईल अजून वैध झालेली नाही, सर्टिफिकेट अजून सुरू झालेलं नाही. कंटेनरमध्ये तारीख बदलायला जाऊ नका. घड्याळ होस्टचंच आहे आणि कंटेनरला ते बदलायचा अधिकार नसतो. होस्टवर ‘टाइमडेटसीटीएल’ बघा, वेळ जुळलीय अशी खात्री झाली की मगच बिल्ड. कायमचा उपाय म्हणून आरटीसी मोड्यूल, म्हणजे बॅटरीवरचं घड्याळ, आयटूसी पिनांवर बसवता येतो.

पायकॅमेरा२ (पायच्या कॅमेऱ्यासाठीची पायथन लायब्ररी) हवं असेल तर बस्टर सोडावाच लागेल. ते लिबकॅमेरावर चालतं, आणि लिबकॅमेरा व कर्नल यांची जोडी जमावी लागते, कर्नल होस्टचं. नव्या कार्डावर ६४ बिटचं बुकवर्म टाका. आहे त्याच कार्डावर अपग्रेड करत बसू नका, रास्पबेरीवालेही नव्याने टाकायलाच सांगतात. ६४ बिटचा एक मोठा फायदा असा, की रास्पबेरी पाय ओएस तिथे सरळ डेबियनचाच मूळ रेपो वापरतो आणि वर स्वतःचा ‘आर्काइव्ह.रास्पबेरीपाय.कॉम/डेबियन’ जोडतो. म्हणजे डेबियन बुकवर्मच्या कंटेनरमध्ये तीच ओळ जोडली की होस्टसारखंच मिश्रण तयार होतं. ३२ बिटला तसं नाही. तिथे मूळ रेपो रास्पबियनचा असतो, जुन्या एआरएमव्ही६ साठी बांधलेला, आणि डेबियनचं आर्महार्डफ्लोट एआरएमव्ही७ मागतं. दोन्हींचं नाव ‘आर्मएचएफ’च, म्हणून एप्टला फरक कळत नाही आणि तो खुशाल मिसळतो. पाय ४ वर ते चालूनही जातं, पण तीच इमेज पाय झिरोवर टाकली की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरते.

रास्पबेरीच्या रेपोतल्या पॅकेजांच्या आवृत्तीत ‘+आरपीटी’ असं शेपूट असतं. ‘एप्ट-कॅशे पॉलिसी’ला लिबकॅमेराचं नाव देऊन बघा, कुठल्या रेपोतलं निवडलं जातंय ते दिसेल. +आरपीटी वालं आलं पाहिजे. कर्नल आणि फर्मवेअरची पॅकेजेस याही रेपोत आहेत, त्यांना वरच्यासारखंच -१ चं कुलूप. आणि कंटेनर चालवताना कॅमेऱ्याची उपकरणं दिली तरी लिबकॅमेराला कॅमेरा सापडला नाही, तर /रन/यूडेव्ह आत रीड-ओन्ली माउंट केलंय का बघा. बहुतेक वेळा तेच राहिलेलं असतं.

बिल्ड कुठे करायचा यावर माझं मत ठाम आहे: साइटवर नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात किंवा वखारीच्या पत्र्याखाली फोनच्या हॉटस्पॉटवर एप्ट चालवलं की ‘हॅश सम मिसमॅच’ (उतरलेली फाईल यादीशी जुळत नाही) येतो, मग माणूस रेपोला नावं ठेवतो. इमेज बेळगावात बसून बनवा, ‘डॉकर सेव्ह’ करा, जीझिप करा, पेनड्राइव्हवर टाकून न्या आणि तिथे ‘डॉकर लोड’. साइटवरच्या बोर्डाला रेपोपर्यंत जायची गरजच उरली नाही पाहिजे. साखर कारखान्यात गाळप सुरू असताना तर कुणी तुम्हाला नेटची वाट बघू देणार नाही. बिल्ड करताना अपडेट आणि इन्स्टॉल एकाच ‘रन’मध्ये जोडा. वेगळं ठेवलंत तर डॉकर जुनी यादी कॅशेतून देतो आणि रेपोतून केव्हाच हललेल्या फाईलसाठी ४०४ येतो. ४०४ चं आणखी एक कारण म्हणजे पीसीवरची सोर्सेस.लिस्ट उचलून आणणं. आर्मसाठी उबुंटूची पॅकेजेस ‘पोर्ट्स.उबुंटू.कॉम’वर असतात, ‘आर्काइव्ह’वर नाहीत.

राहिला शेवटचा प्रश्न, नॅनोचा होस्ट २०.०४ वर न्यायचा का. नको. नॅनोसाठी एनव्हिडियाची गाडी आर३२.७ वर थांबली, जेटपॅक ५ त्या चिपला नाही. ‘डू-रिलीज-अपग्रेड’ करून उबुंटू पुढे जाईलही, पण ड्रायव्हर, कुडा आणि कंटेनर रनटाइम १८.०४ साठीच बांधलेले राहतील. तुम्हाला नवं पायथन हवं म्हणून हे चाललंय, असं दिसतंय. मग कंटेनर २०.०४ चा करा, होस्ट १८.०४ चाच राहू द्या. माउंट होणारं कुडा १०.२ जुन्या सी-लायब्ररीवर बांधलेलं असल्यामुळे नव्यावर चालतं. अडचण एकच येईल, टेन्सरआरटीची पायथन बाइंडिंग (पायथनशी जोडणारा भाग) पायथन ३.६ चीच आहे, २०.०४ च्या ३.८ ला ती दिसणार नाही. मॉडेल चालवणारा भाग सी++ मध्ये लिहून टाका, किंवा तेवढा एक छोटा कंटेनर १८.०४ चा ठेवून बाकीच्याशी सॉकेटने बोला. फाउंड्रीतल्या एका कॅमेऱ्याला दुसरा मार्ग सोपा पडेल. आणि पुढचा बोर्ड घ्याल तेव्हा ओरिन नॅनो बघा. तिथे रेपो आर३६ चा, ओळीत टी२३४, आणि कुडा कंटेनरच्या आत.